दिव्याला टोपी

आमच्या ऑफिसात मला कलमबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही. पण मी जिना उतरायला लागले की खाली कुणीतरी "आल्या बघ कलम घेऊन" असं कुजबुजतं आणि ते मला स्पष्ट ऐकू येतं. माझे कान तिखट आहेत. घरात ऐकू येणारी मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांच्या वाटणीचं मलाच ऐकावं लागलं. आई जन्मापासून बहिरी, बाबाही तसेच. आमचं सगळं बोलणं हातांनी. लोक म्हणतात, किती शांत घर असेल! शांत कसलं डोंबलाचं? आई चिडली की टेबलावर हात आपटते, जमिनीवर पाय आपटते, कपाटाचं दार धाडकन लावते. तिला त्यातलं काही ऐकू येत नाही, शेजारीपाजारी मात्र दचकून उठतात.

मी नगररचना विभागात आहे. बांधकाम झालेल्या जागांवर बाहेरचे दिवे कसे असावेत, किती प्रखर, कुठे तोंड केलेले, किती वाजता बंद, याची नियमावली आमच्या गावात तीन वर्षांपूर्वी आली. आली म्हणजे आभाळातून पडली नाही. मी लिहिली. चौदा महिने मी त्या कागदांवर बसून होते. नियम साधा आहे: बाहेरच्या प्रत्येक दिव्याला वरून आणि बाजूंनी झाकण हवं, झोत खाली जमिनीवर पडला पाहिजे, आणि तुमचा उजेड तुमच्या हद्दीत राहिला पाहिजे. त्या झाकणाला आम्ही ऑफिसात टोपी म्हणतो. दुकानदारांनी लगेच बोलायला सुरुवात केली की कलमबाईंनी आधी दिव्यांना टोपी घातली आणि मग आम्हाला. म्हणू देत. नियम चांगला आहे, हे मी आजही सांगेन. गोदामाच्या दिव्यामुळे ज्यांच्या लेकरांना झोप येत नव्हती अशा चार आया माझ्या टेबलाशी येऊन रडल्या होत्या. त्यांची लेकरं आता झोपतात.

नियमाला अपवाद असतात. अपवादांची यादीही मीच केली. खेळाचं मैदान, झेंड्याचा खांब, पुतळे, पेट्रोल पंप, बांधकाम चालू असलेली जागा, दवाखान्याचं दार, आगीची शिडी, संकटकाळ. आठ झाले. डोळ्यांत तेल घालून केली होती मी ती यादी. काही म्हणजे काही सुटू नये म्हणून तीन वेळा वाचली, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी घरी येऊन व्हरांड्यातल्या दिव्याखाली उभ्या असलेल्या आईच्या शेजारून चप्पल काढत आत गेले.

तो दिवा बाबांनी बसवला होता, ते हयात होते तेव्हा. व्हरांड्याच्या एका खांबावर, आईच्या छातीच्या उंचीला, समोरच्या दुसऱ्या खांबाकडे तोंड करून. आई त्या दुसऱ्या खांबाशी उभी राहिली की तिचे हात आणि चेहरा लख्ख दिसत. कुणाला? तर शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतल्या मावशीला.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आई आणि ती एकाच शिवणकारखान्यात होत्या, शेजारशेजारच्या मशीनवर, एकतीस वर्षं. तीही बहिरी. बहिऱ्या माणसांत नाव हाकेसाठी नसतं, खुणेचं असतं. आईची खूण म्हणजे गालावर बोट टेकवून ते फिरवायचं, कारण तिला खळी पडते. मावशीची खूण म्हणजे मधल्या बोटाच्या टोकावर टोपण चढवल्यासारखं करायचं, कारण ती शिवताना बोटावर घालायचं अंगुस्तान जेवतानासुद्धा काढायची नाही. माझी खूण मावशीनंच पाडली आणि ती नाक मुरडण्याची आहे. का, ते सांगायला नको.

मावशीनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर भाच्यानं तिला आपल्या घरी वरची खोली दिली, आणि ते घर आमच्या शेजारचं निघालं म्हणून दोघी महिनाभर नुसत्या हसत होत्या. रोज अंधार पडला की आई व्हरांड्यात, मावशी खिडकीत. मध्ये कंपाउंडची बुटकी भिंत. दोघी काय बोलायच्या म्हणता? कारखान्यातल्या सुपरवायझरची निंदा, जो मरून अकरा वर्षं झाली होती. माझं वजन. भाच्याच्या बायकोची आमटी नव्हे पाणी. दोघींच्या हातांना नुसता ऊत यायचा. कधीकधी मावशी असं काही म्हणायची की आई खांबाला धरून हसायची आणि मी दारात येऊन विचारायची, "काय झालं?" तर आई म्हणायची, "तुझ्या ऐकण्यासारखं नाही." मला, म्हणे, ऐकण्यासारखं नाही!

मग गेल्या वर्षी मावशीला झटका आला. उजवी बाजू गेली. ती अंथरुणाला खिळली, पलंग खिडकीला लावून घेतला, आणि डाव्या हातानं बोलायला शिकली. थोडं बोबडं, पण आईला कळायचं. सकाळ-दुपार औषधांच्या गुंगीत जायची. संध्याकाळी सात ते साडेआठ, ती दीड तास जागी असायची आणि तो दीड तास आईचा होता. फोनवर एकमेकींना बघायचा प्रयोग मी करून पाहिला होता. मावशीला धड एकच हात. तो फोन धरण्यात गेला तर बोलायचं कशानं? स्टँड आणला, तो पोटावर पडला. आईचे गुडघे असे की ती वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. मावशीकडचा जिना अरुंद, बावीस पायऱ्यांचा. तेव्हा राहिला तो एक दिवा. मावशीच्या खोलीतला बल्ब खोलीतला, त्याला नियम लागू नाही. आईचा दिवा बाहेरचा.

आमच्या उजव्या हाताला रिकामा प्लॉट होता, तिथे सात मजली इमारत झाली. लोक राहायला आले आणि महिन्याभरात त्यांच्या सेक्रेटरीची लेखी तक्रार ऑफिसात दाखल झाली. व्हरांड्यातल्या उघड्या दिव्याचा झोत दुसऱ्या मजल्यावरच्या शयनगृहात येतो. पत्ता माझाच.

मोजायला माझा ज्युनिअर गेला. चष्मेवाला, भला माणूस. यंत्र घेऊन हद्दीवर उभा राहिला, आकडा लिहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, मर्यादेच्या तिप्पट येतंय. मी काय म्हणतो, नोटीस काढू, पण तीस दिवसांची मुदत आहेच. सावकाश बघा तुम्ही."

तीस दिवस. हे तीस दिवससुद्धा मीच लिहिले होते, लोकांना इलेक्ट्रिशियन मिळायला वेळ लागतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "आता कलमबाई स्वतःच्याच घराला कलम लावणार." हशा पिकला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथल्या तिथे ठरवलं की तीस दिवस कशाला, तीस तासही नकोत. यांच्या नाकावर टिच्चून आज संध्याकाळी टोपी बसवते आणि उद्या सकाळी पूर्ततेचा फोटो फाइलला लावते. घरी जाताना टोपी विकत घेतली. काळी, पत्र्याची, चार स्क्रूंची.

आई दारात उभी राहून बघत होती. मी स्टुलावर बसून दिवा वाकवला, टोपी घातली, स्क्रू आवळले. उजेड खाली घोट्यांपर्यंत उतरला आणि तिथे गोल होऊन पडला. आईनं मला विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "नियम." ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, "दुरुस्ती करून घेते नियमात. तुम्हा दोघींसाठी नवा अपवाद घालते. पुढच्या सभेत मंजूर होईल, तीनेक आठवड्यांत." ती वळून आत गेली. मला वाटलं पटलं. आपल्याला सोयीचं असेल ते आपल्याला लगेच वाटतं.

मला काढता आली असती का टोपी? चार स्क्रू होते. मुदत होती. कुणी म्हणजे कुणी मला विचारलं नसतं. पण फाइलला फोटो लागला होता, साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती, आणि मी, बाईसाहेब, हवेत होते.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना आई म्हणाली, "ती मला विचारत होती, कुठे आहेस?"

"कोण?"

आईनं मधल्या बोटावर टोपण चढवलं. "ती मला दिसते. तिच्या खोलीत बल्ब आहे. मी तिला दिसत नाही."

मी घास तसाच हातात धरून बसले. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी धरून चालले होते की दोघींचं बोलणं काही दिवस बंद राहील. बंद कुठे होतं? एकीचं चालूच होतं. मावशी रोज सात वाजता खिडकीतून विचारत होती, आई अंधारात उभी राहून उत्तर देत होती, आणि ते उत्तर कुठेच पोचत नव्हतं. आई म्हणाली की तिनं वाकून हात खालच्या उजेडात धरून पाहिले, पण वरून बघणाऱ्याला तो भाग पत्र्याच्या छपराआड जातो. आमच्या घराला त्या बाजूला खिडकी नाही, नुसती भिंत. आणि गल्लीतले दिवे? त्यांनाही गेल्या वर्षी टोप्या बसल्या होत्या. आमच्या गल्लीत आता फार छान अंधार असतो.

"मी रविवारी वर जाऊन तिला समजावून सांगते," मी म्हटलं.

रविवारी गेले. दुपारी चारला, कारण पाच वाजता मला दुरुस्तीचा मसुदा घेऊन साहेबांच्या घरी जायचं होतं. मावशी झोपलेली. तोंड किंचित उघडं, डावा हात पांघरुणाबाहेर. शेजारी नर्स स्वेटर विणत बसली होती, तिला खुणा येत नव्हत्या. मावशीला लिहिलेलं वाचता येत नाही, ती शाळेत कधी गेलीच नाही, तेव्हा चिठ्ठीचा उपयोग नव्हता. मी पाच मिनिटं बसले. उठवू का, असं मनात आलं. नर्स म्हणाली, "राहू द्या ताई, कालची रात्र वाईट गेली." मी म्हटलं बरं, परत येईन. आणि आले नाही.

काय करत होते मी त्या दिवसांत? सांगते की. साडेआठपर्यंत ऑफिसात बसून माझ्या आईचं बोलणं कायद्याच्या भाषेत बसवत होते. "हातांच्या खुणांनी संभाषण करणाऱ्या व्यक्तींचे हात व चेहरा दिसण्यापुरता, वाजवी तीव्रतेचा, मर्यादित वेळेसाठी." 'वाजवी' शब्दावर दोन दिवस गेले. विधी विभागाचा माणूस म्हणाला, वाजवी म्हणजे किती? मी आकडे काढले. किती अंतरावरून हात वाचता येतात, किती उजेड लागतो, सगळं कोष्टकात भरलं. सुंदर झाला होता मसुदा. त्याच्याइतकं प्रेमानं मी आयुष्यात काही लिहिलं नाही. मी घरी यायची तेव्हा नऊ वाजलेले असायचे, समोरची खिडकी काळोखी झालेली असायची आणि आई ताटं वाढून बसलेली असायची.

"आज काय म्हणाली?" मी विचारायची.

"तेच," आई म्हणायची. नंतर नंतर मी विचारणं सोडलं.

एकोणिसाव्या दिवशी सभा होती. दुपारी तीनला सुरू झाली. फोन बाहेर जमा करावे लागतात. आधी नाल्याचा विषय, मग बाजाराच्या गाळ्यांचा, त्यावर दीड तास नुसती हमरीतुमरी. आमचा विषय आला पावणेसहाला. मी उभी राहून अपवाद क्रमांक नऊ वाचला. एक सदस्य म्हणाला, "अहो, माझी बायकोपण भांडताना हातवारे करते. तिला लावून मिळेल का दिवा?" सगळे खो खो हसले. मीही हसले. वरिष्ठांच्या विनोदाला हसायची सवय असते ना, आपोआप हसू येतं. चार मिनिटांत दुरुस्ती मंजूर झाली. चष्मेवाल्यानं टेबलाखालून अंगठा दाखवला.

मी फोनसुद्धा उघडून बघितला नाही. पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली. घरी पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. अंधार पडला होता आणि आई वॉकर बाजूला ठेवून खांबाशी उभी होती, रोजच्या जागी. एकोणीस दिवसांत मी तिला तिथे उभी असलेली पहिल्यांदा बघत होते. नुसता काळा आकार, आणि खाली उजेडाच्या गोलात तिच्या सपाता.

मी हातानं तिला "थांब, थांब" म्हटलं. अंधारात तिला काय दिसणार! आतून स्क्रूड्रायव्हर आणला, स्टूल ओढलं, चार स्क्रू काढले. एक स्क्रू घरंगळत कुठेतरी गेला. टोपी हातात आली तशी मी दिवा उचलून सरळ केला आणि आई एकदम दिसली. एकोणीस दिवसांत ती इतकी वाळली होती? एकाच घरात राहतो आम्ही.

"झालं!" मी तिला म्हटलं. "मंजूर झालं! आता हा दिवा तुझा. कुणी बंद करू शकत नाही, सरकारसुद्धा नाही. बोल!"

आईच्या गालाला खळी पडली. तिनं केस सारखे केले, पदर नीट केला, खिडकीकडे वळली आणि दोन्ही हात वर केले. "अंगुस्तान! ही बघ मी! आता दिसते का?"

खिडकीत बल्ब होता, पण पडदा ओढलेला होता.

पडदा उघडेल म्हणून आई हात हलवत राहिली. "अगं बघ ना! दिवा आला!" पडदा जाड, फुलाफुलांचा. मी आईला म्हटलं, "थांब, मी वर जाऊन सांगते," आणि पायऱ्या उतरून फाटकाशी गेले. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून नर्स बाहेर आली, खांद्याला बॅग, हातात विणकामाची पिशवी. मला बघून ती भिंतीपाशी थांबली.

"ताई, तुम्हाला किती फोन केले. भाऊंनीही केले, आजींच्या भाच्यांनी. चार वाजता गेल्या त्या."

"कुठे गेल्या?" मी विचारलं. माणूस काय वाटेल ते विचारतो.

नर्सनं माझ्या दंडावर हात ठेवला. "त्रास नाही झाला. झोपेतच गेल्या. भाऊ कागदपत्रांसाठी गेलेत, वहिनी वर आहेत. तुमच्या आईला सांगायला आम्हाला कुणालाच जमेना, म्हणून तुमची वाट बघत होतो."

माझी पाठ आईकडे होती. मी ती तशीच ठेवली. मला वाटलं, एक मिनिट. आईला आणखी एक मिनिट तरी असू दे.

नर्सला बोलायचं होतं. तीन महिने ज्याची सेवा केली तो माणूस गेला की बोलावंसं वाटतंच, तिची काय चूक? "तुमच्या आई किती जीव लावायच्या हो. पाय नाहीत तरी आल्या होत्या एकदा, गेल्या बुधवारी संध्याकाळी. सात पायऱ्या चढल्या आणि बसल्या तिथेच. श्वास पुरेना. मी आणि भाऊंनी धरून परत आणून सोडलं. सांगितलं नाही का त्यांनी? आणि इथे रोज अंधारात उभ्या. मला वरून नुसती सावली दिसायची. आमच्या आजींना तर तेवढीही दिसायची नाही. मला वाटायचं, यांच्या हातांवर बॅटरी का धरत नाही कुणी? पण म्हटलं, आपण कशाला मध्ये बोला."

बॅटरी.

नियमात पहिल्याच पानावर व्याख्या आहे. "बाह्य दिवा म्हणजे खांब, भिंत, छत अथवा जमिनीवर कायम बसवलेला दिवा." हातात धरलेल्या बॅटरीला माझा कोणताही नियम लागू होत नव्हता. रोज सातला घरी यायचं, आईच्या समोर उभं राहायचं आणि दीड तास बॅटरी धरायची, एवढंच काम होतं. त्याला सभा नको होती, मसुदा नको होता, वाजवी शब्द नको होता. अख्ख्या गावातल्या दिव्यांची अक्कल मला, आणि हे मला एका विणकाम करणाऱ्या बाईनं फाटकात सांगितलं.

"आणि पडदा?" मी विचारलं. "पडदा थंडीमुळे लावलात का?"

"नाही हो. चार दिवस झाले, त्यांनीच लावायला सांगितला. खूण करून. आधी रोज खिडकीकडे बघून हात करायच्या, वाट बघायच्या. मग एक दिवस माझ्याकडे वळल्या आणि काहीतरी सांगितलं. रोज तेच सांगायच्या मग. मला काही कळायचं नाही, पण इतक्यांदा बघितलं की पाठ झालं." तिनं पिशवी भिंतीवर ठेवली. "असं करायच्या बघा."

आणि तिनं डावा हात उचलला. गालावर बोट टेकवून फिरवलं. मग मूठ छातीवर आपटून बाहेर झटकली. मग स्वतःकडे बोट दाखवलं, आणि दोन बोटं ओठांपासून लांब नेऊन मिटली.

खळी रागावली. माझ्याशी बोलत नाही.

नर्सनं ते हुबेहूब केलं होतं, मावशीच्या बोबडेपणासकट. तिला काय माहीत, ती काय बोलतेय! एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. नर्सचे हात मला इतके स्पष्ट दिसत होते, नखांपर्यंत, ते कशामुळे? आमच्या व्हरांड्यातल्या दिव्याचा झोत हद्द ओलांडून सरळ तिच्या अंगावर पडला होता.

मी मागे वळले. आई खांबाशी नव्हती. वॉकर न घेता, कठडा धरत, ती दोन पायऱ्या उतरून अंगणात आली होती आणि नर्सच्या हातांकडे बघत होती.

मी दोघींच्या मध्ये जायला हवं होतं. गेले नाही. आईनं नर्सकडे बघून तर्जनी गोल फिरवली. पुन्हा.

तेवढं नर्सलाही कळलं. "पुन्हा करू?" तिनं मला विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत, म्हाताऱ्या माणसाला तेवढाच आधार अशा मायेनं, तिनं सावकाश, नीट, पुन्हा करून दाखवलं. गालावर बोट. मूठ. बोटं मिटली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं आईला नमस्कार केला. नमस्काराचा आणि त्या डोळ्यांचा अर्थ कळायला आईला माझी गरज नव्हती.

नर्स गेली. आई पडद्याकडे वळली. "नाही," ती म्हणाली. "नाही गं. मी रोज होते. रोज बोलत होते. रागावले नाही. इथेच होते. रोज होते." तिचे हात इतके मोठे, इतके जोरात चालले होते की खांदे हलत होते. वर बल्बच्या उजेडात पडद्याची फुलं दिसत होती. कुणीतरी आत इकडून तिकडे गेलं, बहुतेक भाच्याची बायको, आणि सावली बघून आईचे हात एकदम थांबले, आणि मग तिला कळलं आणि ते पुन्हा चालू झाले. "मी रागावले नाही. तू ऐक. मी रागावले नाही."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला सगळं सांगायचं होतं. तीस दिवसांचं, कँटीनचं, रविवारी चार वाजता मावशीला हलवून उठवलं नाही त्याचं. नोटिशीतले अकरा दिवस अजून शिल्लक होते. मी हात वर केले. "आई, मी..."

आईनं माझे दोन्ही हात पकडले. मनगटांपाशी, घट्ट. ऐकू येणारी माणसं कुणाचे हात धरतात ते प्रेमानं, धीर द्यायला. आमच्यात हात धरले की समोरच्याचं तोंड बंद होतं. चव्वेचाळीस वर्षांत आईनं मला मारलं, रागावली, दारं आपटली, पण माझे हात कधी धरले नव्हते. मी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे जीव तोडून केला, कारण मला तिला काहीतरी म्हणायचंच होतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईच्या अंगात इतकी ताकद कुठून आली, कोण जाणे.

बऱ्याच वेळानं तिनं माझे हात खाली नेले, माझ्या अंगाशी लावले आणि सोडले. मग भिंतीला धरत धरत ती आत गेली.